एक्केचाळिसावा फोटो

आमच्या घरच्या जुन्या फोटोंमध्ये सगळी माणसं उभी आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर गरजेपेक्षा जास्त आभाळ आहे. याला कारण आप्पांचा कॅमेरा. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी खडकीच्या कारखान्यात, टूलरूममध्ये, म्हणजे जिथे बारीक मापानं हत्यारं घडवतात तिथे झाली. हा कॅमेरा त्यांनी बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून घेतला होता, माझ्या जन्माच्या आधी कधीतरी. जपानी, मुठीत मावेल एवढा, आणि दिसतो त्याच्या दुप्पट जड.

साध्या कॅमेऱ्यात रोलच्या जेवढ्या तुकड्यावर एक फोटो येतो, तेवढ्यात हा दोन बसवतो. म्हणजे छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर. पुण्यातल्या माणसाला याहून जास्त काय हवं? पण त्यासाठी तो एक किंमत घेतो. कॅमेरा सरळ धरला की फोटो उभा येतो. आडवा हवा असेल तर कॅमेरा उभा धरायचा, जगातल्या बाकी कॅमेऱ्यांच्या उलट. आप्पांनी तो जन्मात कधी उभा धरला नाही. यंत्र जसं बनवलंय तसंच धरायचं, हा टूलरूमचा नियम त्यांनी घरी आणला होता. त्यामुळे आमच्याकडे सिंहगडाचा जो फोटो आहे त्यात एक बुरूज आहे आणि बाकी सगळं आभाळ. कात्रजच्या सर्पोद्यानातला अजगर आहे, त्याला ना डोकं ना शेपूट. आईनं तो अल्बममध्ये लावताना खाली पेन्सिलीनं ‘पाइप’ असं लिहून ठेवलंय.

त्याच्या भिंगाभोवती खडबडीत काचेची एक गोल पट्टी आहे. बॅटरी वगैरे काही नाही, ती पट्टीच उजेड ओळखते. उजेड पुरेसा असला तर बटण दाबलं जातं. नसला तर डोळा लावायच्या खिडकीत खालून एक लाल पट्टी वर येते आणि बटण अडून बसतं. आम्ही म्हणायचो, कॅमेऱ्यानं जीभ काढली. हा शब्द घरात असा रुळला की आई कशालाही नाही म्हणाली की मी आप्पांना जाऊन सांगायचे, आईनं जीभ काढलीय. मग तो विषय तिथेच संपायचा.

अंतर लावायला भिंगाच्या कड्यावर चार चित्रं कोरली आहेत: एक डोकं, दोन डोकी, माणसांचा घोळका आणि डोंगर. प्रत्येक चित्रापाशी कडं टक्कन अडतं. बाकीची दुनिया हे अंतर अंदाजानं लावते. आप्पांच्या लेखी अंदाज ही शिवी होती. त्यांनी एका सुती दोरीला मोजून तीन गाठी मारल्या, डोंगर सोडून प्रत्येक चित्राची एक. फोटो काढताना दोरीचं टोक समोरच्याच्या हातात द्यायचं, त्यानं ते छातीशी धरायचं, आणि आप्पा बरोबर ती गाठ आपल्या हनुवटीशी येईपर्यंत मागे सरकायचे. मग दोरी गुंडाळायची, खिशात टाकायची आणि फोटो काढायचा. मावशीच्या लग्नात त्यांनी चक्क नवरीच्या हातात दोरी दिली. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि धरणीनं पोटात घ्यावं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. त्या कॅमेऱ्यातला एक रोल मी घालवला. त्याबद्दल चार महिने गप्प राहिले.

आई गेल्यावर आप्पा आमच्याकडे वारज्याला राहायला आले. मी शाळेत गणित शिकवते. वर्गात माझा आवाज चढलेला असतो, तो घरी आल्यावरही उतरायला वेळ लागतो असं माझे यजमान म्हणतात. ते सौम्य बोलतात. खरं तर मी चिडकी आहे. म्हाताऱ्या माणसावर माया करावी आणि त्याच माणसावर दिवसातून चारदा खेकसावं, हे दोन्ही मला एकाच वेळी जमतं. गॅस पेटवायचा नाही, एकट्यानं खाली जायचं नाही, ड्रॉप्स आपले आपण घालायचे नाहीत, असे नियम मी केले होते आणि ते पाळले जातात की नाही यावर माझं लक्ष असायचं.

ड्रॉप्स काचबिंदूचे. आप्पांचं कडेचं दिसणं आधी गेलं. शेजारी उभं राहिलेलं माणूस दिसायचं नाही, समोरचं मात्र नळकांड्यातून पाहावं तसं छोटं पण स्वच्छ दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येत नाही आणि उरलेलं किती महिने टिकेल ते सांगता येत नाही. हे ऐकून आल्यावर तिसऱ्या दिवशी आप्पांनी कपाटातून कॅमेरा काढायला लावला आणि खिडकीला डोळा लावून बराच वेळ बसले.

“माझं दिसणं आता एवढंच उरलंय,” ते म्हणाले. “आणि ह्याची खिडकीही एवढीच आहे. दोघांचं माप जुळलं. एक रोल आणून दे.”

मी म्हटलं की फोनवर काढा, हवे तेवढे निघतील. पण फोनच्या गुळगुळीत काचेवर त्यांना बटण सापडेना. एकदा टॉर्च लागला, एकदा तिसऱ्याच कोणाला तरी फोन लागला. तेव्हा मी जे विचारलं ते आता आठवलं तरी मला कसंतरी होतं. मी म्हटलं, आप्पा, फोटो येईपर्यंत तुम्हाला दिसणार नसेल तर ते बघणार कोण? आप्पा शांतपणे म्हणाले की तू बघ आणि मला सांग, तेवढं करशील ना. मी शहरात जाऊन दोन रोल आणले. दुसरा, लागला तर असावा म्हणून.

ऑगस्टमध्ये त्यांनी पहिला फोटो काढला, आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा. तो यवतमाळकडचा. हातात दोरी दिल्यावर त्यानं विचारलं, “बाबाजी, मोजून काय राहिले? शर्ट शिवता का मले?” आप्पांना हे इतकं आवडलं की आठवडाभर ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. मग कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या आजी झाल्या. त्या जुन्या वारज्यातल्या, जिथे त्या बसतात तिथे त्यांच्याच सासऱ्याचं शेत होतं. मग जिन्याचा कठडा, मग आमच्या यजमानांची दाढी, मग ड्रॉप्सची बाटली, मग समोरच्या गच्चीवरचं नवरात्राआधीचं गोधड्यांचं वाळवण. आप्पा घाई करत नसत. दिवसाला एक, फार तर दोन. पूर्वी दोरी गुंडाळून खिशात जायची, आता ती तशीच ताणलेली ठेवत. कडेचं दिसत नसल्यामुळे समोरचा माणूस नेमका कुठे आहे हे त्यांना दोरीच्या ताणावरून कळायचं. दोरी जिकडे तिकडे कॅमेरा.

मला त्यांच्याबरोबर खाली जावं लागे आणि माझा जीव वरच्या कामात अडकलेला असे. लवकर काढा, असं मी म्हणायचे. ते म्हणायचे, हो.

ऑक्टोबरातला एक रविवार. यजमान आप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. मी घरात एकटी होते, सहामाहीचे पेपर तपासून संपले होते आणि मला अचानक वाटलं की आज आप्पांना खूश करावं. कॅमेरा टेबलावर होता. वरच्या छोट्या खिडकीत आकडा पाहिला तर एक्केचाळीस. रोलच्या डब्यावर लिहिलेलं मला पाठ होतं, मीच तो आणला होता: छत्तीस. म्हणजे रोल कधीच संपला आणि बिचारे आप्पा पाच फोटो रिकामेच काढत बसले, असं मी धरलं. त्यांना आकडा दिसत नाही, त्यांना काय कळणार. दुपारी दुकानात देऊन येते, संध्याकाळी सांगते.

बहात्तरची गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. त्या क्षणी ती डोक्यात आली नाही, इतकंच. मला घाई होती आणि मला असं वाटत होतं की चूक होणार ती आप्पांचीच होणार.

आमच्याकडे नव्वदच्या दशकात एक कॅमेरा होता, त्यातला रोल संपला की आपला आपण घरघरत मागे गुंडाळला जायचा. हाही तसाच असणार असं समजून मी गॅलरीतल्या उजेडात जाऊन बसले आणि मागचं झाकण उघडलं. आत फिल्मची पट्टी ताणलेली होती. अडकली असेल म्हणून मी ती धरून ओढली. ती येत गेली, मी ओढत गेले. टोक हातात आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करते आहे. तोवर सगळी पट्टी माझ्या मांडीवर ऊन खात पडली होती.

हा कॅमेरा उघडला की आकडा आपोआप शून्यावर जातो. मी दुसरा रोल काढला, फोनवर व्हिडिओ बघत तो कसाबसा भरला, आणि मग माझ्या डोक्यात एक शाळकरी कल्पना आली. भिंगावर हात ठेवून एक्केचाळीस वेळा बटण दाबायचं, म्हणजे आकडा होता तिथे येईल. मी हात ठेवला आणि बटण दाबलं. बटण हललं नाही. खिडकीत पाहिलं तर लाल जीभ. अंधारात तो काम करणारच नव्हता. हात काढून भिंतीचे एक्केचाळीस फोटो काढावेत का, हा विचार करत मी उभी होते, तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दार उघडलं तेव्हा आप्पांनी यजमानांचा दंड धरला होता. एरवी ते कोणाचा आधार घेत नसत. यजमानांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. उजवा डोळा पूर्ण गेला होता आणि डाव्यात आता फक्त उजेड-अंधार कळेल असं डॉक्टर म्हणाले होते. आप्पा खुर्चीत बसले, पाणी मागितलं, मग म्हणाले, “कालपर्यंत खिडकीतून दिसत होतं. आज सकाळी लावला डोळा तर धुकं.”

मी काय सांगणार होते त्यांना? की तुम्हाला दिसत होतं तेव्हाचे सगळे फोटो मी आत्ताच उन्हात ओढून काढले? मी पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी घेऊन मी, जिथून रोल आणले होते त्या पेठेतल्या दुकानात गेले, काही वाचलं असेल तर बघा म्हणून. दुकानदारानं ती धुतली आणि मला दाखवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी. उघडून बघितलात कशाला, आत माणसं बसलेली असतील असं वाटलं का, असं त्यानं विचारलं. एरवी मी त्याला तिथेच सुनावलं असतं. त्या दिवशी मान खाली घालून बाहेर आले.

यजमानांना मी रात्रीच सांगितलं होतं. ते म्हणाले, सांगून टाक, ते ओरडणार नाहीत. मी म्हटलं, तेच तर. ओरडणारं माणूस असतं तर सांगितलं असतं. मग उद्या सांगू, दिवाळीनंतर सांगू, असं होत गेलं. मनाची समजूतही घातली की नव्या रोलमध्ये ते बहात्तर काढतील, त्यांना बहात्तरच मिळतील, कोण मोजतंय. ऐंशी पार केलेला माणूस दोन महिन्यांपूर्वीचे फोटो मोजत असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मला वाटलं होतं की आता ते कॅमेरा ठेवून देतील. तसं झालं नाही. आठवडाभरानं त्यांनी दोरी मागितली. मग मी जे पाहिलं ते नीट सांगायला हवं. समोरच्याच्या छातीपासून दोरी ताणून घ्यायची, बोटांनी गाठ मोजायची, कडं फिरवत टक्-टक् मोजायचं, म्हणजे अंतर लागलं. दोरीच्या रेषेत कॅमेरा धरायचा, म्हणजे रोख लागला. उजेड आहे की नाही हे जीभ दिसल्याशिवायही कळायचं, कारण बटण अडायचं. मागचं दातेरी चाक अंगठ्यानं फिरवायचं, ते अडलं की पुढचा फोटो तयार. हे सगळं आंधळ्या माणसाला बोटांनी करता येत होतं. ज्या माणसानं हा कॅमेरा बनवला त्याच्या मनात हे असेल असं मी म्हणत नाही. पण त्याला नमस्कार करावासा वाटला. आणि ज्या दोरीची मला लाज वाटली होती, तिला पाहून मला भडभडून आलं.

या सुमारास त्यांनी शाळेतून येणाऱ्या मुलींच्या सायकली काढल्या, हमरस्त्यावरच्या पुलाचा आवाज काढला असं ते म्हणायचे, म्हणजे आवाजाच्या दिशेनं कॅमेरा धरून. कुकरची शिट्टीही अशीच काढली. मी आता त्यांना लवकर काढा म्हणत नव्हते. रविवारी सकाळी आपणहून विचारायचे, आज कोणाचा काढायचा?

जानेवारीत एक दिवस त्यांनी वॉचमनला बोलवायला सांगितलं. मी म्हटलं, आप्पा, त्याचा काढलाय तुम्ही. ते म्हणाले, हो का, पुन्हा काढू. दोन दिवसांनी भाजीवाल्या आजी. आजी म्हणाल्या, “आवं, माझा तर मागंच काढलाय की. आता काय तोंड बदललं हाय व्हय?” आप्पा हसले आणि दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं. मग जिन्याचा कठडा. मग यजमानांची दाढी. मग ड्रॉप्सची बाटली.

डोळे गेले ते गेले, आता स्मरणशक्तीही चालली, असं मला वाटलं. त्यात पुन्हा माझी जुनी सवय उफाळून आली. गच्चीवरच्या वाळवणाच्या वेळी, तेही जानेवारीत, जेव्हा तिथे वाळवण नव्हतंच, मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, काय चाललंय तुमचं, हे सगळं झालंय, तुम्हाला आठवत कसं नाही? आप्पांनी कॅमेरा खाली घेतला. म्हणाले, आठवतं तसं थोडंथोडं.

मी त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं आणि आप्पांसमोरच सगळं सांगितलं, की तेच तेच फोटो पुन्हा काढतात, त्याच क्रमानं. डॉक्टरांनी त्यांना शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. आप्पा त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असे न थांबता दोनपर्यंत आले आणि विचारलं, आता उणे पाच म्हणू का? डॉक्टर हसायला लागले. मला म्हणाले, मॅडम, यांना काही झालेलं नाही, तुम्ही जरा विश्रांती घ्या. आप्पांनी डॉक्टरांसमोर किंवा रिक्षात एका शब्दानं मला उघडं पाडलं नाही. तेव्हा मला ते कळलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी चाक मध्येच अडलं, म्हणजे रोल संपला. आप्पांनी स्वतः रोल मागे गुंडाळला, झाकण उघडायच्या आधी मला हाक मारली आणि म्हणाले, आता उघड. मी तो दुकानात नेला. चार दिवसांनी प्रिंट आले, एका कागदावर दोन-दोन, मध्ये काळी रेघ.

गॅलरीत दोन खुर्च्या टाकून आम्ही बसलो. मी एकेक प्रिंट हातात घेऊन सांगू लागले. माणसांच्या प्रत्येक फोटोत खालून एक पांढरी दोरी निघून छातीपर्यंत गेली होती. काहींची डोकी कापली होती, काही माणसं कोपऱ्यात गेली होती, पण अंतर एकाचंही चुकलं नव्हतं. सगळे चेहरे रेखीव. सायकली होत्या, पूल होता, कुकर होता. मग वॉचमन, दोरी धरून सावधानमध्ये उभा. मग आजी. मग कठडा. मी सांगत होते आणि आप्पा डोळे मिटून ऐकत होते.

शेवटचा झाल्यावर त्यांनी विचारलं, किती आले? मी म्हटलं, बहात्तर, सगळे आले.

“बहात्तर हे,” आप्पा म्हणाले, “आणि एक्केचाळीस आधीचे. एकशे तेरा काढले मी. तुम्ही गणिताच्या बाई. एका रोलमध्ये बसतात का एकशे तेरा?”

माझ्या हातातले प्रिंट खाली पडले असं लिहिलं तर शोभेल, पण तसं झालं नाही. मी ते नीट पाकिटात भरत राहिले, उगाचच, एकेक करून. मग सगळं सांगितलं. छत्तीस, झाकण, ऊन, काळी पट्टी, बेल. बोलायला लागल्यावर थांबताच येईना. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

त्यांना कळलं कसं, ते त्यांनी मग सांगितलं. ते पहिल्यापासून मोजत होते, आकडा दिसायचा तेव्हाही आणि दिसेनासा झाल्यावरही. बहात्तर झाले तरी चाक फिरलं. रोलमध्ये कधी दोन-एक जास्त निघतात, म्हणून ते थांबले. पंचाहत्तरावाही निघाला तेव्हा शंका उरली नाही. रोल बदललेला आहे, म्हणजे पहिला गेला, आणि घरात तो हाताळणारं माणूस एकच. त्या दिवसापासून त्यांनी पहिले फोटो पहिल्यापासून पुन्हा काढायला सुरुवात केली.

मी विचारलं की तेव्हाच का नाही बोललात, डॉक्टरांकडे तरी बोलायचं. मी तुम्हाला वेड्यात काढत होते.

“वाटलं, तू सांगशील,” आप्पा म्हणाले. “मग वाटलं, तुला सांगता येत नाहीये. तर आपण पुन्हा काढून टाकावेत, म्हणजे सांगायला काही उरणारच नाही.”

ते ओरडले असते तर मी निदान उलट बोलले असते. मी रडले. त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि मनगटाला धरून बसले. मग म्हणाले की एक्केचाळीसपैकी अडतीस झाले, मग रोल संपला. तीन राहिले. मी लगेच म्हटलं, उद्या नवा रोल आणते, सांगा कुठले ते. दोन जमतील, ते म्हणाले. एकोणचाळिसावा खालच्या चाफ्याचा, चाळिसावा दूधवाल्याचा. एक्केचाळिसावा नाही जमायचा.

“का? कोणाचा होता?”

“तुझा.”

त्यांनी सांगितलं की मी शाळेत शिकवायला गेलेली असताना त्यांनी गॅलरीचं दार ते माझी खुर्ची हे अंतर दोरीनं मोजून ठेवलं होतं, दुसरी गाठ. तो शनिवार होता, डॉक्टरांकडे जायच्या आदला दिवस. चारचं ऊन होतं. मी पेपर तपासत बसले होते आणि ते दारात उभे राहून खिडकीला डोळा लावून होते. मला पत्ताच नव्हता.

“त्या वेळी दिसत होतीस तू मला,” ते म्हणाले. “अख्खी मावली होतीस. म्हणून तो पुन्हा काढता येणार नाही. बाकी काय, दोरी आहे.”

मी म्हटलं, मी तुम्हाला सगळे फोटो सांगितले, हा तुम्ही मला सांगा.

आप्पांनी माझं मनगट सोडलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. म्हणाले, चष्मा डोक्यावर चढवलेला होता. लाल पेनचं टोपण दातात. कानाजवळचे केस पांढरे झालेत, ते मला तोवर माहीतच नव्हतं, कधी झाले? पाय खुर्चीवर घेतले होतेस, लहानपणी अभ्यासाला बसायचीस तसे. एका पेपरावर काहीतरी भलतंच लिहिलेलं असावं, तू त्याच्यावर मोठी फुली मारलीस आणि मग ती खोडून अर्धा मार्क दिलास. तेव्हाच बटण दाबलं.

“हसत होते का मी?” मी विचारलं.

“नाही,” आप्पा म्हणाले. “चिडलेलीच होतीस. पण माझ्यावर नव्हतीस.”